सिक्वेन्सरचा लिलाव मांडू नका, नंबर पाळा : हर्णैहून खुले पत्र

प्रति,
मुंबई-पुण्यातले इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे आयातदार आणि विक्रेते,
तसेच ही यंत्रं विकत घेऊन न वाजवता जपून ठेवणारे संग्राहक

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका दुकानाने गेल्या महिन्यात ग्राहकांना कळवलं की परदेशातल्या छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या सिक्वेन्सरची, म्हणजे वाद्यांकडून ठेके आणि सूर वाजवून घेणाऱ्या यंत्रांची, पुढची खेप आता नंबराप्रमाणे दिली जाणार नाही. ज्याची बोली मोठी, यंत्र त्याचं. ज्यांनी आगाऊ रक्कम भरून नंबर लावला होता, त्यांनी रक्कम परत घ्यावी किंवा तीच धरून बोलीत उतरावं. त्या यादीत आमच्या पार्टीचा नंबर होता. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. चौकशी केली तेव्हा इतर विक्रेत्यांकडूनही ‘आमचाही तसाच विचार चालू आहे’ असं ऐकायला मिळालं. म्हणजे प्रश्न एका दुकानाचा राहिलेला नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना आणि सगळ्यांसमोर.

मी दापोली तालुक्यातल्या हर्णैचा. आमची बेंजो पार्टी आहे. हळद, लग्न, गणपतीचं आगमन आणि विसर्जन, नारळी पौर्णिमा, जिथून ऑर्डर येईल तिथे जातो. दापोली, मंडणगड, खेड, आणि बाणकोटची खाडी ओलांडून श्रीवर्धनच्या बाजूलाही. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल, ताशा असा आमचा संच. कीबोर्डवर मी असतो, आणि माणसांच्या मागे यंत्राने जे वाजवायचं ते बांधून तयार ठेवणं हेही माझंच काम.

ज्यांना या यंत्राची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिक्वेन्सर बहुधा स्वतः आवाज काढत नाही. कोणता सूर, कोणत्या क्षणी, किती जोराने आणि किती वेळ वाजायचा हे तो लक्षात ठेवतो आणि केबलमधून जोडलेल्या वाद्यांना सांगत राहतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९७७ साली एमसी-८ हा सिक्वेन्सर काढला तेव्हा एकेक सूर आकड्यांच्या कळांवरून भरावा लागे. आजच्या यंत्रांत दिवे लागणाऱ्या बटणांच्या ओळी असतात. बटण दाबलं की त्या जागी ठोका पडतो, परत दाबलं की जातो. आमच्यातला ताशा वाजवणारा पोरगा इंग्रजी मेनू वाचत नाही, पण दिवे बघून ठेका त्याला लगेच उमगतो आणि तो स्वतः हात घालून बदल करतो. लॅपटॉपला तो कधी हात लावत नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या कोळी गाण्यांचा ठेका झुलता असतो. मात्रेचे तीन भाग पडतात. बाजारात सहज मिळणारी बहुतेक यंत्रं सोळा खान्यांची, म्हणजे ठोक्यांच्या सोळा जागांची, मात्रेचे चार भाग धरून चालणारी. तिनाचे भाग करायची सोय त्यांतही असते, पण ती बऱ्याचदा सगळ्या पॅटर्नला एकदम लागू होते. मला हवं असतं ते वेगळं: ढोल तिनाच्या झुल्यावर, वर टाळी चाराच्या चालीत, आणि घुंगरू पाच खान्यांचं, म्हणजे ते दर आवर्तनाला थोडं सरकत जाईल आणि पुन्हा कधीतरी समेवर येऊन मिळेल. फ्रान्सच्या स्क्वार्पचा हापाक्स किंवा ब्रिटनमधल्या सिक्वेंटिक्सचा सर्कलॉन हे करतात. प्रत्येक ओळीची लांबी वेगळी, भाग वेगळे, आणि एखादा ठोका केसभर मागे किंवा पुढे सरकवायची सोय. ढोलकरी हाताने जो झोक देतो तो यंत्रात उतरवायचा तर हा केसभर सरकवणंच कामी येतं. भजनाचा आठ मात्रांचा ठेका, रूपकाच्या सात, झपतालाच्या दहा, हे सगळं एकाच यंत्रात ओढाताण न करता बसतं. हे काम सोळा खान्यांच्या चौकटीत कोंबून बघितलेल्या माणसाला विचारा, त्याला या यंत्रांची ओढ का लागते ते तो सांगेल.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली मिडीची भाषा, म्हणजे ही वाद्यं केबलमधून एकमेकांशी जिच्यात बोलतात ती, तर आमच्या ठेक्याला अगदी सोयीची आहे. तिच्या घड्याळात एका मात्रेला २४ मुके ठोके असतात. २४ला चाराने भागा, सहा येतात. तिनाने भागा, आठ येतात. दोन्ही चाली एकाच घड्याळावर सुखाने नांदतात. ही भाषा १९८३ साली बाजारात आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला, आणि ती कुणालाही फुकट वापरता येईल अशी ठेवली. स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली ती त्यामुळे. तुम्ही विकता त्या प्रत्येक यंत्राच्या पाठीवर त्या फुकट दिलेल्या भाषेचं भोक आहे.

लॅपटॉप वापरा, असा सल्ला मला तुमच्याकडूनही मिळाला आहे. मे महिन्यात दुपारी गाडीवर उभं राहून लॅपटॉपचा पडदा वाचता येत नाही. जनरेटर मध्येच बसला आणि परत सुरू झाला की यंत्र काही सेकंदांत उभं राहतं. लॅपटॉपची बॅटरी टिकली तरी त्याला जोडलेला साउंडकार्ड रुसतो, आणि सगळं परत जुळेपर्यंत वरात पुढच्या वळणावर पोचलेली असते. शिवाय एकाच केबलवर सगळी वाद्यं टाकली की मिडी सेकंदाला ३१,२५० बिट्सच पाठवू शकतं. एका सुराला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. ढोल, टाळी, बेस आणि कीबोर्डचा भरगच्च कॉर्ड एकदम आला की शेवटचा सूर मागे पडतो आणि ठेका ढिला वाटतो. चांगल्या सिक्वेन्सरला मिडीची बाहेर जाणारी दारं एकाहून जास्त असतात, ती उगाच नाहीत.

सध्या आम्ही आर्टुरिया कंपनीचा बीटस्टेप प्रो हा सिक्वेन्सर वापरतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही, त्याने आम्हाला खूप दिलं. पण त्यात तालाच्या जोडीला एकेका सुराच्या दोनच ओळी आहेत, त्यापुढे साज वाढवता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या सामानाच्या खोलीचे पत्रे उडाले. कीबोर्ड गेला, मिक्सर गेला. त्याच वर्षी लग्नंही बंद होती. तिथून एकेक वस्तू परत जमवत आलो, आणि मग सगळ्यांनी आपापल्या वाट्यातून पैसे बाजूला काढून या यंत्रासाठी आगाऊ रक्कम भरली. त्या पैशात सकाळी होडीवर जाणाऱ्या आणि संध्याकाळी ढोल बांधणाऱ्या माणसाचा वाटा आहे.

यंत्रं कमी आहेत हे मला मान्य आहे. त्याचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. स्क्वार्प, डेन्मार्कची टोर्सो, स्पेनची ऑक्सी हे मोठ्या कंपन्यांच्या मानाने अगदी लहान कारखाने. थोडे नग बनवायचे, ते विकून पुढच्या खेपेचं सामान घ्यायचं, असा या धंद्याचा जीव. २०२०च्या ऑक्टोबरात जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएम या चिपा बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ध्वनीच्या चिपा दुर्मीळ झाल्या. त्यापाठोपाठ जगभर साध्या मायक्रोकंट्रोलरचीही, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या चिपांचीही, चणचण झाली. मोठ्या कंपन्यांनी आपला माल आधीच बांधून घेतला, लहानांना थांबावं लागलं. आणि ही माणसं घाईने वाईट वस्तू बनवायला तयार नसतात, म्हणून तर ती वस्तू हवीशी वाटते.

पण टंचाई कशी हाताळायची हेही याच लहान कारखानदारांनी दाखवून दिलं आहे. सिक्वेंटिक्सचे कॉलिन फ्रेझर यांच्या सर्कलॉनसाठी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत थांबले. जुन्या बाजारात तोच सर्कलॉन नव्यापेक्षा जास्त भावाने जात होता, म्हणजे फ्रेझर यांना बोली लावून जास्त पैसे सहज मिळाले असते. त्यांनी यादीच चालवली. बनवणारा जर नंबर पाळतो, तर मधल्या विक्रेत्याने तो का मोडावा?

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. लिलाव म्हणजे काय ते हर्णैच्या माणसाला शिकवावं लागत नाही. आमच्या बंदरावर होड्यांतून उतरलेली मासळी वाळूवर मांडली जाते आणि तिथेच बोली लागते. ते योग्यच आहे. मासळीला वेळ नसतो, आजचं पापलेट उद्या त्या भावाचं राहत नाही. आवक किती होईल हे सकाळी कुणाला ठाऊक नसतं, म्हणून भाव तिथल्या तिथे ठरवावा लागतो. आणि बोली उघड्यावर होते, शेजारी उभा असलेला प्रत्येक जण ती ऐकतो. तुमच्या खेपेला यातलं काय लागू पडतं? यंत्र नासत नाही. कारखानदाराने किंमत ठरवून जाहीर केलेली आहे. नग किती येणार ते तुम्हाला माल निघायच्या आधी माहीत असतं. आणि बोली मागवलीत ती ईमेलवर, एकाची दुसऱ्याला कळू न देता. बंदरावरसुद्धा ज्या व्यापाऱ्याने आधी पैसे देऊन माल बांधून घेतला आहे, त्याचा माल कुणी उचलून वाळूवर मांडत नाही. आम्ही पैसे दिले होते. तुम्ही घेतले होते, वापरलेही असतील. आता ‘परत घ्या’ म्हणता, तेव्हा आमचं थांबणं कुणाच्या हिशोबात धरलं आहे?

दुसरी तक्रार लिहिताना मला त्रास होतो, पण ती लिहिणं भाग आहे. फोनवर मला विचारलं गेलं, ‘बेंजो पार्टीला हे कशाला लागतं? कीबोर्डात तयार ठेके असतात की.’ विचारणारा माणूस उद्धट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

तुम्ही हा धंदा करता, तर त्याचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. रोलँडचा टीआर-८०८, म्हणजे ठेके वाजवणारं यंत्र, १९८० ते १९८३ एवढाच बनला. त्याच्या आवाजासाठी जे सदोष ट्रान्झिस्टर लागत ते मिळेनासे झाले आणि तो बंद पडला. तेव्हा त्याला फारशी किंमत नव्हती. बेसचे सूर वाजवणाऱ्या टीबी-३०३चं तेच झालं. जुन्या मालाच्या दुकानांत ही यंत्रं स्वस्तात पडली, आणि म्हणूनच न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागोतल्या पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागली. हिप-हॉपला त्यांतून नवा आवाज मिळाला, आणि टेक्नो, अ‍ॅसिड हाउस हे संगीतप्रकार तर त्यानंतरचेच. आणि आपल्याकडे? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत हीच दोन यंत्रं आणि जोडीला रोलँडचाच एक सिंथेसायझर घेऊन त्यांच्यावर राग बांधले आणि ध्वनिमुद्रिका काढली. त्यावेळी कुणी फारसं विचारलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. १९८२ साली त्यांना कुणी ‘तुम्हाला हे कशाला लागतं?’ असं विचारून परत पाठवलं असतं तर? आपल्या तालांचं या यंत्रांत काय होऊ शकतं, हे दुकानात बसून आधी ठरवता येत नाही. ते वाजवणाऱ्याच्या हातात गेल्यावर कळतं.

तिसरी तक्रार छोटी आहे. यंत्र हवं तर सोबत पिशवी, केबल, स्टँड, कधी दुसरं एखादं न खपलेलं वाद्य घ्यावं लागतं. ही सक्ती बंद करा.

चौथी दुरुस्तीची. आमच्या हवेत मीठ आहे. पावसाळ्यात चार महिने भिंती घामेजलेल्या असतात. एन्कोडर, म्हणजे आकडे बदलायची गोल कळ, फिरवला की आकडा उड्या मारायला लागतो, मिडीच्या सॉकेटला हिरवट थर येतो. हा भाग महाग नसतो, बदलणंही अवघड नसतं. पण तुमच्याकडे सुटा भाग नसतो. यंत्र मुंबईला पाठवा, तिथून परदेशी जाईल, कधी येईल सांगता येत नाही, येताना पुन्हा कस्टममध्ये कागद मागतील, असं उत्तर मिळतं. भर लग्नसराईत हे कसं परवडणार? दापोली, खेड, चिपळूणला अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करणारे उत्तम हात आहेत. त्यांना सुटे भाग आणि सर्किटची माहिती मिळाली तर अर्धी कामं इथेच होतील. माल विकताना किनारपट्टी तुमच्या नकाशावर असते, दुरुस्तीच्या वेळी ती पुसली जाते.

आता संग्राहकांना. तुमच्यावर राग धरून मी लिहीत नाही. सुंदर वस्तू जवळ असावी असं कुणालाही वाटेल, आणि ही यंत्रं सुंदर आहेत. तुम्ही कष्टाच्या पैशाने घेतली आहेत. पण एकाच खेपेतले दोन-तीन नग घेऊन सील न तोडता ठेवायचे आणि वर्षभराने दीडपट भावाने काढायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि ते मला मान्य नाही. कारखानदार मोजके नग बनवतो तेव्हा त्यातला प्रत्येक बंद खोका म्हणजे एक न बांधलेलं गाणं. वस्तूलाही त्याने फायदा होत नाही. वर्षानुवर्षं वीज न मिळालेले कपॅसिटर खालावतात, दमट कपाटात संपर्कांवर गंज चढतो. तुम्ही ज्याला जपणं समजता, त्यात ते यंत्र हळूहळू मरत असतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

बोली रद्द करा आणि आगाऊ रक्कम भरल्याच्या तारखेप्रमाणे जुनी यादी परत लावा. यादी नावाशिवाय, नुसत्या नंबरांनी, दुकानात आणि तुमच्या पानावर उघड लावा, म्हणजे कोण कुठे आहे ते ज्याचं त्याला कळेल. एका खेपेत एका माणसाला एकच नग द्या. कारखान्याची किंमत, वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि तुमचा नफा पावतीवर वेगवेगळा दाखवा. नफा घ्या, तो तुमचा हक्क आहे, फक्त तो दिसू द्या. सोबतच्या सामानाची सक्ती नको.

खेपेतला एक नग दाखवण्यासाठी राखून ठेवा आणि वर्षातून एकदा तरी तो घेऊन चिपळूण किंवा रत्नागिरीला या. हात लावून न बघता एवढी रक्कम भरायची वेळ कोकणातल्याच माणसावर का यावी? जागा, जेवण आणि वाजवणारे लोक आम्ही जमवतो. विकलेल्या प्रत्येक मॉडेलचे एन्कोडर, बटणं आणि सॉकेट यांचा थोडा साठा ठेवा आणि इथल्या दुरुस्ती करणाऱ्यांना ते रास्त दरात द्या.

आणखी एक. सगळं तयार यंत्रावरच अडायला नको. जर्मनीच्या थोर्स्टन क्लोझे यांचा मिडीबॉक्स सिक्वेन्सर स्वतःच्या वापरासाठी कुणालाही बांधता येतो, त्याचे आराखडे उघडे आहेत. स्वित्झर्लंडच्या सायमन कॅलवाइट यांच्या परफॉर्मर या सिक्वेन्सरचेही आहेत. तुम्हाला त्यांतून विक्री मिळणार नाही हे खरं. पण सुटे भाग एकगठ्ठा मागवून देणं तुम्हाला सहज जमेल, आमच्यातल्या एकट्यादुकट्याला ते जमत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केलेली मुलं आमच्या वाड्यांत आहेत. सोल्डरिंग त्यांना येतं. भाग आणून द्या, यंत्र ती बांधतील.

संग्राहकांना एवढीच विनंती: ज्या यंत्राला वर्षभर हात लागलेला नाही, ते घेतलेल्या किमतीला एखाद्या वाजवणाऱ्याला द्या. विकायचं नसेल तर एका हंगामासाठी वापरायला द्या. हवं तर लेखी करार करू, अनामत ठेवू. यंत्र धुतल्यापुसल्यासारखं परत येईल.

आमच्या पार्टीचं म्हणाल, तर आगाऊ रक्कम परत घ्यायला आम्ही तयार नाही. पावतीवर तारीख आहे, नंबर आहे, ठरलेली किंमत आहे, आणि उरलेली रक्कम आम्ही वेगळी काढून ठेवली आहे. गणपतीच्या आधी तुमचं उत्तर जाहीरपणे यावं. खेप आली की नंबराप्रमाणे फोन करा. खेडहून मिळेल ती गाडी धरून मी दुकानात हजर होईन.

आपला,
बेंजो पार्टीचा एक कीबोर्डवाला
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी